अण्णांच्या भिडेपायी दोन-दोन बिलं

आमच्या ऑफिसात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक, बिघडलेले रिमोट आणि दुसरे, किस्से. रिमोट मी पोत्यात भरून भंगारवाल्याला देते. किस्से कोण नेणार? ते बसलेत माझ्या डोक्यात गर्दी करून. आता तुम्ही निवांत बसलाच आहात तर घ्या वाटून!

आधी ऑफिस कुठलं ते सांगते. कोल्हारला, नगर-मनमाड रोडला लागून, एक टायरवाला आणि एक रसवंती यांच्या मधे आमचा गाळा आहे. केबल टीव्ही आणि इंटरनेट. मालक अण्णा. मी सुनंदा, काउंटरवर असते. पावती फाडायची, तक्रार घ्यायची आणि लोकांची बोलणी खायची, ही माझी कामं. तशी मी फटकळ आहे. एक बोलणं खाल्लं तर दोन परत देते.

अण्णा मात्र साखरेसारखा माणूस. गच्चीवर मोठी छत्री लावून गावाला टीव्ही दाखवायचे तेव्हापासून ते या धंद्यात. मालक असून अजून स्वतः खांबावर चढतात. गावातल्या निम्म्या लग्नांत ते जेवायला होते आणि उरलेल्या निम्म्यांत वाढायला. त्यामुळे अण्णांना 'नाही' म्हणायची कोल्हारात कुणाची छाती होत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलंय.

*

अण्णांची एक पद्धत आहे. कुणाला कनेक्शन बंद करायचं असलं, की बॉक्स काढायला ते माणूस पाठवत नाहीत, स्वतः जातात. तिथे बसतात, चहा घेतात. चहा संपला की कप खाली ठेवून अगदी हळू आवाजात विचारतात, "काय चुकलं आमचं?"

बस! एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. पण समोरच्याचा जीव अर्धा होतो.

टेलर रफिकभाईंनी एकदा हिंमत केली. मुलांची परीक्षा होती, टीव्ही नको म्हणाले. अण्णा गेले, चहा झाला, "काय चुकलं आमचं?" झालं. रफिकभाईंच्या अम्मी आतून पदर डोळ्याला लावत बाहेर आल्या. "ह्या अण्णानं तुझ्या निकाहाला मांडव घातला, अन् तू त्याचा बॉक्स परत करतो?"

अण्णा परत आले. मी विचारलं, "आणला का बॉक्स?"

"कुठला?" अण्णा म्हणाले. "उलट अजून एक कनेक्शन लिही. अम्मींच्या खोलीत पाहिजे म्हनले!"

*

मागच्या वर्षी गावात नवी कंपनी आली. गाडीवर भोंगा लावून पोरं गल्लोगल्ली फिरायची. टीव्ही आणि नेट एकाच वायरीत, पहिला महिना फुकट! लोकांनी भराभर घेतलं. घेणारच हो, मी त्यांना दोष देत नाही. आमची वायर जुनी, वारं आलं की चित्र गेलं. पण नवीन घेतलं म्हणून जुनं बंद करायला आमच्याकडे आलं कोण? कुणीच नाही! आणि मग महिना भरला की काउंटरवर एकच रड, "ताई, दोन-दोन बिलं कशी काय येत्यात?"

सगळ्यात आधी आल्या चंद्रभागाकाकू. दारातूनच आत डोकावून त्यांनी विचारलं, "अण्णा न्हाईत ना?"

"लाईनवर गेलेत. बोला."

"अगं, त्या नव्या कंपनीचं घेतलं मी. तुमचा डबा काढून, फडक्यात गुंडाळून, ज्वारीच्या कोठीत ठेवलाय. दोन महिने झालं हात लावला न्हाई. अन् तरी बिल?"

म्हटलं, "काकू, डबा काढून ठेवला म्हणजे कनेक्शन बंद होत नाही. तुम्ही सांगेपर्यंत आमच्याकडनं ते चालूच असतं."

"पंखा बंद केला तर त्याचं लाईटबिल येतं व्हय?"

"पंख्याचं वेगळं आहे."

"वेगळं कसं? फिरला तर बिल, न्हाई फिरला तर न्हाई. तुमचा डबा कोठीत फिरतोय का?"

मी त्यांना भाड्याच्या खोलीचं उदाहरण दिलं. कुलूप लावून गावाला गेलात तरी भाडं चालू राहतं. खोली सोडतो म्हणून सांगायचं, किल्ली द्यायची, तेव्हा कुठे भाडं थांबतं. काकूंना पटलं.

"मग काय करू?"

"डबा आणा, अर्ज मी लिहिते, आजपासून बंद."

काकूंनी जरा विचार केला. "पन मग अण्णा घरी येतील?"

"येतील."

"चहा पितील?"

"पितील."

"अन् 'काय चुकलं आमचं' म्हनतील?"

"म्हणतील."

काकूंनी कमरेची पिशवी सोडली आणि पैसे काउंटरवर ठेवले. "ऱ्हाऊ दे बाई! फाड पावती!"

*

गावात घरोघर हेच. नव्या कंपनीचा टीव्ही बघायचा आणि आमचं बिल भरायचं. आणि आमचे अण्णा खूश! वसुली दरमहा पूर्ण. शेजारच्या गावातले केबलवाले धंदा गुंडाळून बसले आणि आमचे अण्णा रसवंतीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "बघ सुनंदा, एवढी मोठी कंपनी आली, पन आपलं एक घर हललं न्हाई!"

पण माझ्या कॉम्प्युटरवर ज्याचं नेट चालू त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. पूर्वी स्क्रीन कशी हिरवीगार असायची. आता ठिपके शोधावे लागत होते. अण्णा कॉम्प्युटरकडे बघत नाहीत. त्यांना माणसं दिसतात, आणि माणसं तर पैसे भरत होती!

हसण्यावारी गेलं असतं हो. पण एक दिवस अण्णा आले आणि म्हणाले, "ठरलं. देवळालीचा प्लॉट विकतो."

देवळाली प्रवराचा तो प्लॉट म्हणजे अण्णा आणि त्यांच्या बायकोची, आमच्या काकींची, म्हातारपणाची सोय. काकींनी तिथल्या घराला ओटा कसा पाहिजे इथपर्यंत सगळं ठरवून ठेवलेलं. दुसरं काही साठवलेलं नाही त्यांनी. तो विकून अण्णा नवीन मशीन घेणार, गावभर नवीन वायर टाकणार. का? तर म्हणे, "लोकं माझ्याबरोबर ऱ्हायली, मग मी त्यांना चांगलं चित्र दाखवायला नको?"

अहो, चांगलं चित्र लोक बघतच होते, दुसऱ्याच्या वायरीवर!

*

त्याच आठवड्यात नामदेवतात्या आले. तात्यांचा मुलगा पुण्यात इंजिनियर. त्याने तिथून फोन फिरवून वडिलांना नव्या कंपनीचं कनेक्शन घेऊन दिलं. आणि सांगितलं, जुनं आपोआप बंद होईल, मोबाईलच्या नंबरसारखं.

तात्या मला म्हणाले, "सिम बदललं की जुनं मरतं. मग वायर का मरत न्हाई?"

"वायरीला मारावं लागतं तात्या. सांगितल्याशिवाय मरत नाही ती."

त्यांनी दोन्ही बिलं पुढे केली. "मला बारावीला गणितात चांगले मार्क हुते, पन हे काय कळंना. तू वाच."

मी वाचलं. आमचं बिल सरळ होतं, चालू महिन्याचं. कंपनीच्या पहिल्या बिलात मात्र कनेक्शन जोडल्याचा चार्ज आणि पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं, असं सगळं एकत्र लावलेलं. पहिलं बिल नेहमीच असं फुगून येतं, पुढची बारीक होतात, हेही सांगितलं.

तात्या बोटांवर मोजत म्हणाले, "थांब. तुमचं बघत न्हाई, त्याचं बिल."

"हो."

"अन् त्यांचं अजून बघायचंय, त्याचं बी बिल."

"हो."

"मग सध्या जे बघतोय, त्याचं?"

"ते फुकट आहे तात्या. ऑफरमधे!"

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि पुन्हा घातली. "बारावीचे मार्क मास्तरनं वाढवले असतील," म्हणाले, आणि आमचे पैसे भरून गेले.

*

एकाने डोकं चालवलं. मीच त्याला कानात सांगितलं होतं, की बाबा, बॉक्स परत कर आणि सुट. हा पठ्ठ्या शिवाजी, पोल्ट्रीवाला. अण्णांना तोंड दाखवायला नको म्हणून सकाळी आम्ही शटर उघडायच्या आधी आला, बॉक्स पायरीवर ठेवला आणि पळाला. ना नाव, ना चिठ्ठी.

नेमके त्या दिवशी अण्णा माझ्या आधी आले. बॉक्स उचलून बघतात तर धडधाकट! "सुनंदा, हा चोरीचा माल हाय! कुनीतरी कुनाच्या तरी घरातनं उचलला अन् पचला न्हाई म्हनून हितं टाकला!"

मी म्हटलं, "राहू द्या ना अण्णा, ज्याचा असेल तो येईल."

पण कसलं काय! मागचा नंबर बघून त्यांनी जुन्या वहीतून शिवाजीचं नाव शोधून काढलं. गाडी काढली, शिवाजीच्या घरी गेले. स्वतः भिंतीला खिळे ठोकून बॉक्स पक्का बसवून दिला. "आता कुनाचा बाप नेत न्हाई!" वर नवा रिमोट भेट.

दुपारी शिवाजी पावती फाडायला आला. माझ्याकडे बघेना. मी पण मुद्दाम विचारलं, "चोर सापडला का हो?"

*

बाळासाहेबांच्या घरी तर कहर झाला. त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि अण्णांना आमंत्रण. आता आली पंचाईत. हॉलमधे नव्या कंपनीचा राउटर. अण्णा यायच्या आत सगळं घर कामाला लागलं. आमचा बॉक्स माळ्यावरनं काढून, पुसून, टीव्हीवर विणलेला रुमाल टाकून त्यावर बसवला. राउटर बंद करावा, तर आतल्या खोलीत सुनेची ऑफिसची मीटिंग चालू, ती घरनं काम करते. मग राउटर ठेवला देव्हाऱ्यात, देवाच्या मागे.

अण्णा आले, प्रसाद घेतला, देव्हाऱ्यापुढे हात जोडले. जोडले ते जोडलेच!

"बाळासाहेब, देवाला काय लायटिंग केलंय ओ! हिरवं, लुकलुकतंय नुसतं! कुठनं आनलं?"

बाळासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... ते शिर्डीवरनं."

"मला बी आना की एक! ऑफिसातल्या फोटोला लावतो."

आता बोलून बसला होता माणूस. दुसऱ्या दिवशी बाळासाहेब शिर्डीला गेले. हारवाल्यांपासून प्रसादवाल्यांपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली आणि हिरवी, लुकलुकणारी माळ शोधून आणली. आमच्या ऑफिसात लागलीय ती. बाळासाहेब महिन्याला पावती फाडायला येतात तेव्हा तिच्याकडे बघून नमस्कार करतात. देवाला करतात की नशिबाला, कोण जाणे!

*

तुम्ही म्हणाल, एवढी फटकळ ना तू, मग अण्णांना सांगितलं का नाहीस? अहो, सांगायला गेले होते! प्लॉटचा इसार आला त्या दिवशी. घेणारा राहुरीचा माणूस, पैसे देऊन गेला आणि अण्णांनी ते माझ्या ड्रॉवरमधे ठेवले. मी मनाशी म्हटलं, आज बोलायचंच. काकींचा ओटा असा जाऊ द्यायचा नाही.

"अण्णा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

त्यांनी चष्मा काढला, हात गुडघ्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. लहान पोराकडे बघावं तसं. "कुनी काय बोललं का तुला? पगाराचं काय हाय का?"

"नाही हो. ते आपलं... गिऱ्हाईकांचं..."

"अगं, त्यांच्याच जिवावर तर उडी मारतोय मी!"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. माझी! जिने तहसीलच्या साहेबाला रिमोटवरून झापलंय!

"चहा सांगू का?" मी म्हटलं.

गावाला हसत होते ना मी? घ्या!

*

आणि मग कारखाना सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या. त्या कशा भरतात ते तुम्हाला माहीतच आहे, वरून दोन माणसं उंच. अशाच एका ट्रॉलीने पुलाजवळची आमची मेन वायर ओढून नेली. सगळं गाव बंद! तुटलेल्या वायरीचं भेंडोळं अण्णांनी उचलून आणलं आणि ऑफिसच्या पायरीवर टाकलं.

"सुनंदा, आज काय तुझं खरं न्हाई. फोन घेऊन घेऊन कान जातील." संध्याकाळच्या मालिका, त्यात क्रिकेटची मॅच. मी पाण्याची बाटली भरून फोनजवळ बसले. अण्णा समोर.

फोन वाजला नाही.

तासाभराने अण्णांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. "चालू तर हाय." मग म्हणाले, "तुझ्या मोबाईलवरनं लावून बघ." मी लावला. घणघणला चांगला.

"लोकं समजूतदार हायेत," अण्णा म्हणाले. "त्यांना म्हाईत हाय, ट्रॉलीनं तुटली. उद्या येतील फोन."

उद्याही आले नाहीत. परवाही नाहीत. नव्या वायरीचं बंडल श्रीरामपूरहून आलं, कोपऱ्यात उभं राहिलं. मी म्हटलं, "अण्णा, जोडून टाका ना."

"जोडतो. एक फोन येऊ दे. कुनाचा तरी एक येऊ दे, मग जोडतो."

मी उठून उगाच रसवंतीवर गेले आणि रस न पिताच परत आले.

असा आठवडा गेला. एकदाच फोन वाजला. अण्णांनी झडप घातली, "बोला, बोला! तक्रार सांगा!" पलीकडनं काकी. "तुमचा टीव्ही लागनार हाय का मी माहेरी जाऊ बघायला?"

दुसऱ्या दिवशी महिन्याची एक तारीख. सकाळीच भाऊसाहेब आले, दूध डेअरीवाले. अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. पायरीवर वायरीचं भेंडोळं आडवं पडलेलं. भाऊसाहेबांनी धोतर वर धरलं, भेंडोळं ओलांडलं, आत येऊन खुर्चीत बसले आणि खिशातून पैसे काढले.

"पावती फाड ताई."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा भाऊसाहेबांकडे बघत होते. ओरडले नाहीत. उलट पुढे सरकून अगदी मायेने त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, चित्र कसं येतंय आपलं?"

"एक नंबर!" भाऊसाहेब म्हणाले. "काचेसारखं! कालची मॅच पाहिली की शेवटपर्यंत. जरा म्हनून अडकलं न्हाई!"

बाहेरून एक ट्रॉली गेली, गाळ्याच्या काचा थरथरल्या. मग अण्णांनी ड्रॉवरकडे बोट केलं.

"सुनंदा, राहुरीला फोन लाव. म्हनावं इसार परत घेऊन जा, प्लॉट द्यायचा न्हाई."

"का ओ?" भाऊसाहेब म्हणाले. "नवं मशीन आननार हुता ना?"

"कशाला? काचेसारखं दिसतंय म्हनता ना."

भाऊसाहेबांनी पायरीकडे बघितलं. मग वायरीकडे. मग स्वतःच्या चपलांकडे. कान लालबुंद झाले त्यांचे.

अण्णा खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले. आवाज खाली घेतला. मला वाटलं, आता विचारणार! भाऊसाहेबांनाही वाटलं असावं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

अण्णा म्हणाले, "ते नव्या कंपनीचं पोरगं हाय ना, त्याचा नंबर द्या बरं. आठवडा झाला आमच्या घरी टीव्ही बंद हाय. ही माहेरी चाललीय."

भाऊसाहेबांनी गुपचूप मोबाईल काढला आणि नंबर सांगितला. एकेक आकडा, हळूहळू, दोनदा.

आणि पावती घेतल्याशिवाय काही उठले नाहीत!